ठिणगीपेक्षा कमी वीज

धाराशिवात आमच्या गल्लीत माझ्याबद्दल दोन समजुती होत्या. एक म्हणजे मी मोबाईलचे टॉवर दुरुस्त करते. दुसरी म्हणजे मी हवामान खात्यात आहे, आणि पाऊस कधी पडणार हे मला माहीत असूनही मी सांगत नाही. आई नातेवाइकांना सांगायची, "आमची सुमन यंत्रांना बोलायला शिकवती." आईचं थोडंसंच चुकत होतं. यंत्रं आधीपासूनच फार बोलत होती. मी त्यांना गप्प बसायला शिकवत होते, आणि पगार त्याचाच मिळत होता.

आता निवृत्त झाले आहे आणि संपादकांनी पानं दिली आहेत, तेव्हा नीट सांगते.

शेतात, गोदामात, कारखान्यात ऊब किंवा ओल मोजून ती बिनतारी कळवणारी एक छोटी डबी असते. तिच्या पोटात तिघं राहतात. एक मोजणारा, एक लक्षात ठेवणारा आणि एक बोलणारा. बोलणारा म्हणजे रेडिओ, आणि तिघांत खादाड तोच. मिळालेल्या विजेतला मोठा घास तो गिळतो. लक्षात ठेवणाराही साधा नसतो. नेहमीच्या स्मृतीला नुसतं आठवत राहण्यासाठीसुद्धा वीज लागते. वीज गेली की सगळं पुसलं. म्हणून डबीला बॅटरी लागते, बॅटरी संपते, आणि मग कुणीतरी शिडी लावून ती बदलायला जातं. ते कुणीतरी म्हणजे बरीच वर्षं मीच होते.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेमरिस्टरच्या चिपचं काम सुरू झालं आणि जिल्ह्यात त्या डब्या बसवायला मला घेतलं. मेमरिस्टर म्हणजे काय, हे मी शेतातल्या पायवाटेवरून सांगते. माणसं एका रेषेत चालत राहिली की वाट मळते, पुढच्याला चालणं सोपं होतं. माणसं घरी गेली तरी वाट तिथंच राहते. मेमरिस्टरमध्ये वीज एका बाजूनं गेली की तिची वाट सोपी होते, उलट बाजूनं गेली की अवघड होते. आणि वीज बंद केली तरी वाट जशी झाली तशीच राहते. तीच त्याची आठवण. ती राखायला खर्च नाही. शिवाय आजची ऊब कालच्यापेक्षा वेगळी आहे का, ही तुलनाही त्याच जागी होते. वेगळी असेल तरच रेडिओला उठवायचं, नसेल तर झोपू द्यायचं. अशा डबीला बॅटरीची गरजच उरत नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडावर चालणारी, तळहातापेक्षा लहान पट्टी पुरते.

ही चिप माझ्या नोकरीतच घरोघरी जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती अजून महाग आहे, आणि तिचे हट्टही आहेत. फार तापली की तिच्या आठवणी किंचित सरकतात. ही रुखरुख मला आहे. पण जिथं ती चालली तिथं ती अशी चालली की माझी मान ताठ आहे.

पहिलं गिऱ्हाईक मुरुमचे शिवलिंगआप्पा, डाळीचे व्यापारी. पोत्यांच्या थप्पीत आतून ऊब धरली तर डाळ खराब होते, म्हणून थप्प्यांच्या मधे आमच्या डब्या ठेवल्या. हवा कोरडी होती, डाळ चांगली होती, त्यामुळं डब्या गप्प राहिल्या. अगदी ठरल्याप्रमाणं. पण आप्पांना ते बघवेना. रोज सकाळी पूजा उरकली की त्यांचा फोन.

"यव्वा, तुमची डबी आज बी बोलंना झालीय."

"आप्पा, सगळं ठीक आहे म्हणून बोलत नाही."

"मेल्यावर बी बोलत न्हाय की. मला कसं कळावं, डाळ ठीक हाय का डबी गेलीय?"

मी हसले खरी, पण प्रश्न बरोबर होता. पुण्यात आमचे प्रकल्पप्रमुख देशमुखसर कमीत कमी विजेचा विक्रम करायच्या मागं होते. फुकट बोलणारी डबी त्यांना चालणार नव्हती. मी हटून बसले. शेवटी ठरलं की रोज सकाळी उजेड आल्यावर डबीनं फक्त 'हजर' एवढंच म्हणायचं. सर म्हणाले, "सुमनताई, आपला आकडा बिघडला." मी म्हटलं, "सर, आप्पांचं डोकं बिघडण्यापेक्षा आकडा बिघडलेला बरा." सर दिलदार माणूस. त्याच बैठकीत त्यांनी स्वतःहून आणखी एक खर्च मान्य केला. प्रत्येक चिपमध्ये स्मृतीचा एक कप्पा साक्षीदार म्हणून राखायचा. त्यात आम्हाला ठाऊक असलेला एकच आकडा लिहून ठेवायचा. चिप तापून आठवणी सरकल्या असतील तर तो आकडाही सरकलेला दिसेल. एरवी त्याला हात लावायचा नाही. शंका आली तरच बाहेरून विचारायचं.

आप्पांनीच पुढं आमची गाठ दस्तगीरभाईंशी घालून दिली. दोघांची ओळख कुठल्याशा लग्नातली. दस्तगीरभाईंचा तेरखेड्याच्या शिवारात फटाक्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एकमेकांपासून लांब लांब बांधलेल्या खोल्या, मधे मोकळी जमीन, एका कडेला वाळवणघर. रंगीत झाडांच्या आणि बाणांच्या गोळ्या ओल्या मिश्रणातून वळतात आणि लाकडी तबकांत पसरून त्या घरात सुकवतात. दस्तगीरभाई हळू बोलणारे, साठीच्या आसपासचे, सदा पांढऱ्या सुती कपड्यात. पहिल्याच भेटीत त्यांनी अट घातली.

"मॅडम, आत तार न्हाय, बॅटरी न्हाय, दिवा न्हाय. ठिणगी पडंल एवढी ताकद ज्या चीजमधी हाय, ती माझ्या वाळवणघरात जाणार न्हाय. असली डबी हाय का तुमच्याकडं?"

आजवर मी कमी विजेचं कौतुक बॅटरी वाचते म्हणून करत आले होते. त्या दिवशी मला त्याचा खरा उपयोग दिसला. आमच्या डबीत एका वेळी साठणारी वीज इतकी थोडी, की सगळी एकदम सुटली तरी तिची ठिणगी तो माल पेटवू शकणार नाही. पुण्याला जाऊन महिनाभर तपासण्या करून घेतल्या, कागद आणले, मगच बसवायला गेले.

दारातच कमलबाईंनी अडवलं. त्या तिथल्या बायकांच्या मुकादम. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याची चकाकती कातडी. त्याबद्दल त्या बोलत नसत, आणि कुणी विचारतही नसे.

"मॅडम, ही साडी सळसळती हाय. हिनं आत जायचं न्हाय."

"अहो, बसवायला पाच मिनिटं लागतील."

"पाच मिंटं कशाला, एक ठिणगी पुरती. ही घ्या माझी सुती. मोबाईल, घड्याळ, चप्पल भाईर. आन् जाताना दाराच्या तांब्याच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली वीज निघून जाती."

कमलबाईंची साडी नेसून, अनवाणी, पत्र्याला हात लावून मी आत गेले. एक डबी मधल्या मांडणीवर, एक भिंतीकडच्या मांडणीवर, दोन्ही खिडकीच्या उजेडात. त्यांचं बोलणं ऐकणारं यंत्र फाटकाजवळच्या कचेरीत ठेवलं.

दोन वर्षं डब्यांनी रोज सकाळी हजेरी दिली आणि दिवसभर तोंड उघडलं नाही. दस्तगीरभाई गमतीनं म्हणायचे, "आमच्या धंद्यात आवाज झाला तरच लोकांना पटतं. तुमचा धंदाच उलटा."

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी पाहणीला गेले होते. आदल्या दिवशी परतीचा पाऊस जोरात पडून गेला होता आणि त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं. ऑर्डरी तुंबलेल्या. वाळवणघरात बायका तबकं आत-बाहेर करत होत्या. जेवणाची सुट्टी संपून थोडा वेळ झाला असेल, आणि कचेरीतलं यंत्र वाजलं. मधल्या मांडणीवरची डबी बोलली होती. ऊब वाढते आहे.

मी भिंतीकडच्या डबीचं बघितलं. ती गप्प. म्हणजे उन्हानं सगळं घर तापत नव्हतं, फक्त मधली मांडणी तापत होती. तेवढ्यात पुन्हा आवाज. आकडा आणखी वर. ओल्या मिश्रणात कधी कधी आतल्या आत ऊब धरते, हे दस्तगीरभाईंनीच मला शिकवलं होतं. बाहेरून दिसत नाही, धूर नाही, आणि मग एकदम पेट घेते.

मी चप्पल न घालताच पळत सुटले. दस्तगीरभाई अंगणात होते.

"भाई, घर रिकामं करा. आत्ता."

"काय झालं?"

"मधल्या मांडणीवर ऊब धरलीय."

त्यांनी दाराजवळ टांगलेल्या तापमापीकडं बघितलं. ती नेहमीचंच सांगत होती. वाळत असलेला माल, तुंबलेल्या ऑर्डरी, हंगामाचे उरलेले थोडे दिवस, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. म्हणाले, "डबी चुकत असंल तर? तुम्हीच म्हणला होता, तापली की सरकती."

"डबी चुकली असेल तर तुमचा एक दिवस जाईल. खरी असेल तर आत कमलबाई आहेत."

त्यांनी थाळी वाजवायला सांगितली. बायका हातातलं तबक खाली ठेवून, न धावता, एकामागं एक बाहेर आल्या. न धावता चालायचं हे कमलबाईंनीच त्यांच्या अंगी बाणवलं होतं. त्या स्वतः शेवटी निघाल्या. निघताना त्यांनी दोन्ही दारं आणि खिडक्यांची झापं सताड उघडी टाकली. बाहेर येऊन म्हणाल्या, "मॅडम, आत मुतारीसारखा वास सुटलाय. सकाळी नव्हता."

दस्तगीरभाईंचा चेहरा तेव्हा पांढरा पडला. तो वास अमोनियाचा, गोळ्यांतली धातूची भुकटी ओलीमुळं आतून तापू लागली की सुटणारा, हे त्यांना कळलं होतं.

आम्ही सगळे कचेरीच्या बाजूला, कुंपणाजवळच्या बाभळींपाशी लांब जाऊन थांबलो. अग्निशमनची गाडी बोलावली, ती फाटकाशी येऊन उभी राहिली. या मालावर पाणी टाकलं तर ऊब आणखी वाढते, हे त्या लोकांनाही ठाऊक होतं. ऊन कलू लागलं. काहीच होईना. मी कचेरीच्या पायरीवर यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, "मॅडमच्या डबीला ऊन लागलं असंल." दुसरी हसली. मला राग आला नाही. भीतीनंतर माणूस असंच हसतो.

मग आकडा उतरायला लागला. उघड्या दारांतून वारा खेळत होता, त्यानं ऊब ओढून नेली असावी. डबी सांगत होती, थंड होतंय.

दस्तगीरभाई जवळ आले. "मॅडम, तबक आजच काढावं लागतं. रात्री दव पडणार, परत ओल धरंल. कुंपणाच्या पल्याड वस्ती हाय. अंधारात आत जाता येत न्हाय, आन् अंधारात तुमची डबी बी झोपती. आता सांगा, आत जाऊ का?"

लोकांना बाहेर काढणं सोपं होतं. चुकले असते तर हसू झालं असतं, इतकंच. आता मला माणसाला आत पाठवायचं होतं. आणि ज्या चिपच्या भरवशावर पाठवायचं, ती स्वतः तापलेली. तिची आठवण सरकून ती खोटं 'थंड' सांगत असेल तर?

मी पुण्याला फोन लावला. देशमुखसरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, आकडा खरा धरू का?"

"मी इथून खात्री देऊ शकत नाही, सुमनताई. सरकला असू शकतो. साक्षीदार कप्पा विचारा. उजेड आहे का अजून?"

"उतरतोय."

"मग लगेच विचारा. साक्षीदार वाचायला डबीला जास्त वीज लागते. उजेड गेला तर ती उत्तर देऊ शकणार नाही."

मी प्रश्न पाठवला. उत्तर नाही. खिडकीवरचं ऊन भिंतीवर चढलं होतं, डबीच्या पट्टीवर आता नुसता उजेड पडत असणार. थोडं थांबून परत पाठवला. दस्तगीरभाई, कमलबाई, गाडीवरचा माणूस, सगळे माझ्या हातातल्या यंत्राकडं बघत होते, आणि मला एकच कळत होतं की घाई केली तर डबीत जेवढी वीज साठतेय तेवढीही मी उधळेन. हात मांडीवर ठेवून बसले. जितकं थांबता आलं तितकं थांबले. मग तिसऱ्यांदा विचारलं.

उत्तर आलं. साक्षीदार कप्प्यात आम्ही लिहिलेला आकडा होता तसा होता. जराही हललेला नव्हता.

"सर, जागेवर आहे."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "मग बाकीचंही खरं धरा."

मी यंत्र आणि फोन पायरीवर ठेवून उठले. "भाई, थंड झालंय. पण मी म्हणते म्हणून जायचं, तर पहिली मी जाणार."

"तुम्ही कशाला? घर माझं हाय."

"शब्द माझा आहे."

कमलबाईंनी पुढं होऊन माझा सुती पदर खोचला आणि म्हणाल्या, "पत्र्याला हात लावा." मी हात लावला. दस्तगीरभाई माझ्या खांद्याला खांदा लावून आले.

आत तो उग्र वास अजून होता. मधल्या मांडणीवर, खालच्या बाजूला, एका तबकातल्या गोळ्या सुट्या राहिल्या नव्हत्या. फुगून एकमेकींना चिकटून त्यांची ढेप झाली होती, कडेला लाकूड काळवंडलं होतं. दस्तगीरभाईंनी तबकाच्या खाली हात धरला. न लावता, नुसता धरला. मग माझ्याकडं बघून मान हलवली. कोमट.

दोघांनी मिळून ते तबक उचललं. तान्हं मूल उचलावं तसं. दारातून बाहेर, मोकळ्या रानातून, बिघडलेला माल जाळायचा जो खड्डा असतो तिथवर. एवढं सावकाश मी आयुष्यात कधी चालले नाही. दस्तगीरभाईंनी मला मागं धाडलं, खड्ड्याला लांब वात लावली आणि स्वतः येऊन आमच्यात उभे राहिले.

वात संपली आणि खड्ड्यातून पांढरा उजेड उसळला. दिवस पुरता मावळला नव्हता, तरी आमच्या सगळ्यांच्या सावल्या मागं कुंपणावर पडल्या. एका तबकाचा तो उजेड. वाळवणघरात तशा तबकांच्या भिंती उभ्या होत्या. मघाशी हसलेली बाई तोंडावर पदर धरून खाली बसली. कमलबाई उजव्या हातानं आपलं डावं मनगट चोळत उभ्या होत्या.

उजेड विझल्यावर दस्तगीरभाई बायकांना म्हणाले, "उद्या सुट्टी. परवा सगळी तबकं बघून मग काम." ऑर्डरींचं त्या वर्षी काय झालं असेल ते झालं असेल, त्या दिवशी त्यांच्या तोंडून त्याबद्दल शब्द निघाला नाही.

मी चप्पल शोधत होते, तेव्हा देशमुखसरांचा फोन आला. प्रकल्पाच्या अहवालात नोंद करायची होती.

"सुमनताई, नेमकं झालं काय ते सांगा."

मी विचार केला. आग लागली नव्हती. कुणाला खरचटलंही नव्हतं. घर जागेवर होतं.

"काही झालं नाही, सर."

ते म्हणाले, "छान. असंच लिहितो."

फाटकाशी बायकांना गावात सोडणारा टेम्पो लागला होता. पुढं कुणी बसायचं यावरून त्यांच्यात भांडण सुरू झालं होतं. रोज होत असावं, कारण टेम्पोवाला तिकडं बघतही नव्हता. कमलबाईंनी दोघींना दटावून मागं ढकललं, स्वतः पुढची जागा धरली आणि काचेवर हात मारून म्हणाल्या, "चल रे, सैपाक पडलाय घरी."